रमाबाईंचे सत्त्व

गेल्या पावसाळ्यात, रोवणीची घाई ऐन भरात असताना, माझी भाची एक तक्ता घेऊन आमच्या साकोलीच्या घरी आली. भाची परिचारिका आहे. अर्थात परिचारिका हा शब्द नेमणुकीच्या कागदावरचा. आमच्या भागात लहानथोर सगळे तिला सिस्टरच म्हणतात. पंधरा वर्षे नोकरी झाल्यावर आता ती वरचे शिक्षण घेते आहे आणि त्यासाठी तिला प्रबंध लिहायचा आहे. तक्ता इंग्रजीत होता. त्यात सतरा विधाने होती. प्रत्येक विधान वाचायचे आणि ते आपल्याला कितपत पटते, ते खूण करून सांगायचे. मामांनी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले, तेव्हा याचे जरा बरे मराठी मामांनी करून द्यावे, एवढेच तिचे मागणे होते.

मला वाटले, अर्ध्या तासाचे काम. चहा उकळेपर्यंत संपेल. प्रत्यक्षात तीन आठवडे लागले. आणि ते काम संपता संपता मी शंभर वर्षांपूर्वी जग सोडून गेलेल्या एका बाईच्या आयुष्यात पुरता गुंतून गेलो. त्याचीच ही हकीगत.

तक्ता कशाचा, ते आधी सांगायला हवे. रुग्णाची सेवा करताना शरीर थकते, हे सगळ्यांना कळते. पण मनाला एक निराळाच शीण येतो. या रुग्णासाठी काय करणे योग्य, ते परिचारिकेला ठाऊक असते. पण औषध संपलेले असते, हात अपुरे असतात, वरून आलेला आदेश वेगळा असतो किंवा नातेवाईकांचा हट्ट आडवा येतो. योग्य ते कळूनही हातून होत नाही. मग घरी आल्यावर घास गोड लागत नाही. अँड्र्यू जेमटन नावाच्या अमेरिकी विचारवंताने १९८४ साली या टोचणीला शास्त्रीय नाव दिले आणि तेव्हापासून तिचा अभ्यास सुरू झाला. पुढे प्रश्न उलटा विचारला गेला. अशा प्रसंगांतून जाऊनही काही जणी मनाने मोडत नाहीत, त्या कशाच्या बळावर? अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील प्राध्यापिका सिंडा रश्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे बळ मोजण्यासाठी सतरा विधानांचा तक्ता केला. तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्याचे चार भाग आहेत. पेचप्रसंगाला माणूस कसे तोंड देतो, स्वतःशी किती प्रामाणिक राहतो, इतरांशी वागताना आपला सच्चेपणा किती सांभाळतो, आणि जे योग्य वाटते ते बोलण्याची-करण्याची धमक त्याच्यात किती आहे.

२०२१ हे साल आमच्या जिल्ह्याला वेगळे स्मरण ठेवायला लागत नाही. त्या वर्षीच्या ९ जानेवारीला पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळे दगावली. भाची तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात कामाला होती. तरी ती सांगते की त्यानंतर कित्येक रात्री ड्युटीवर असताना ती उगीचच उठून एकेका पाळण्याजवळ जाऊन यायची. हा तक्ता तिने का निवडला, हे मी तिला विचारले नाही. विचारायची गरजही वाटली नाही.

शब्द सापडेना

भाची म्हणाली की इराणमध्ये तिथल्या परिचारिकांसाठी हाच तक्ता फारसीत करून झाला आहे, तेव्हा मराठीत का होऊ नये? फारसी म्हटल्यावर माझे कान टवकारले. दवाखाना, जखम, मलम हे आपले घरगुती शब्द त्या भाषेतूनच आले. माधव ज्यूलियनांनी तर १९२५ साली अख्खा फार्शी-मराठी कोश रचला. फारसीत परिचारिकेला परस्तार म्हणतात आणि तो शब्द ज्या क्रियापदापासून आला, त्याचा अर्थ आहे पूजा करणे, भजणे. आपल्या सेवा या शब्दासारखेच. देवाचीही सेवाच आणि रुग्णाचीही सेवाच. तक्त्याच्या नावासाठी त्यांनी योजलेला शब्द आहे ताब-आवरी. ताब म्हणजे सोसण्याची शक्ती, धीर. हिंदी सिनेमाने आपल्याला बेताब हा शब्द शिकवला, त्यातलाच हा ताब. इराणी मंडळींचे काम सोपे झाले, असे मनात आले.

आपले होईना. शब्दकोशात सरळ प्रतिशब्द होता : नैतिक लवचीकता. मी तो लिहून टाकला. अशा कामाची एक रीत असते. एकाने भाषांतर करायचे आणि मूळ तक्ता न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत न्यायचे. मग दोन्ही शेजारी ठेवून अर्थ कुठे निसटला ते शोधायचे. नंतर जाणकारांपुढे ठेवायचे आणि शेवटी थोड्या परिचारिकांकडून भरून घेऊन त्यांना काय समजले ते पाहायचे. आमच्या ओळखीच्या एका इंग्रजीच्या प्राध्यापकाने माझे मराठी उलट फिरवून दिले. नैतिक लवचीकतेचे त्याने काय केले असेल? तत्त्वांशी तडजोड करण्याची तयारी! त्याची चूक नव्हती. मराठीत नीती लवचीक आहे असे म्हटले, तर त्याचा दुसरा अर्थ काय होणार? जिला सत्याची चाड आहे ती शोधायला निघालो आणि जिला कशाचेच काही वाटत नाही तिला गुण देऊन बसलो.

मग मी कणखरपणा लिहिले. त्या दिवशी माझी धाकटी बहीण, म्हणजे भाचीची आई, घरी आली होती. रोवणी आटोपून, पायाच्या बोटांना चिखल्या झालेल्या. तिने कागद हातात घेतला, वाचला आणि म्हणाली, भाऊ, कणखर बाईच्या हातून सुई टोचून घेशील का तू? सिस्टरचा हात मऊ पाहिजे.

मी गप्प बसलो. बायका आपल्या मनाची टोचणी कुठल्या शब्दांत सांगतात, हे पुस्तकी मराठीत मिळणार नाही, एवढे कळले. तेव्हा कपाटातून एक जुने पुस्तक काढले. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. १९१० साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक घरगुती, सरळ, नितळ मराठीत आहे. त्यातला भाग मी वर्गात शिकवला होता. न्यायमूर्तींची शालीन पत्नी, एवढीच रमाबाईंची ओळख मुलांना करून दिली होती. २०१२ साली त्यांच्यावर दूरदर्शन मालिका आली, तीही घरातल्या सगळ्यांबरोबर पाहिली. पण या खेपेला ते पुस्तक मी शब्द शोधण्यासाठी उघडले आणि प्रत्येक पानावर मला तो सतरा विधानांचा तक्ताच दिसू लागला.

अकरा वर्षांची नवरी

रमाबाईंचे माहेरचे नाव यमुना. सांगलीकडच्या देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची ही लेक. जन्म १८६२ सालचा. १८७३ च्या डिसेंबरात, अकराव्या वर्षी, तिचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे, पुण्यात न्यायाधीश, आणि विधवाविवाहाच्या चळवळीतले अग्रणी. त्यांची पहिली पत्नी दोनच महिन्यांपूर्वी वारली होती. आता हा माणूस विधवेशी लग्न करून बोलल्याप्रमाणे करून दाखवणार, अशी सुधारकांची अपेक्षा. वडिलांना नेमकी तीच धास्ती. त्यांनी घाईने कुमारिका शोधली आणि आग्रह धरला. रानड्यांनी परोपरीने सांगून पाहिले. शेवटी वडिलांचे मन मोडवेना आणि ते बोहल्यावर उभे राहिले. पुढे कित्येक वर्षे लोकांनी त्यांना त्याबद्दल टोचून बोलून घेतले.

विचार करा, त्या अकरा वर्षांच्या पोरीचा संसार कशावर उभा राहिला? नवऱ्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या माघारीवर. त्यात तिचा दोष काडीचा नव्हता. पण मोठी झाल्यावर हे तिला कळलेच असणार. नवल असे की, पुढे आठवणी लिहिताना तिने हा प्रसंग वगळला नाही. ज्याला देवासारखे मानले त्याची अडचणही तिने मांडली, कडवटपणा न आणता आणि सारवासारव न करता. सच्चेपणा म्हणतात तो हाच असावा.

लग्न झाले त्याच रात्री रानड्यांनी तिला लिहिता-वाचता येते का विचारले आणि पाटी हातात दिली. तिथून तिची खरी परीक्षा सुरू झाली. वाड्यात सासवा, नणंदा, आश्रित नातलग बायकांचा मोठा गोतावळा. बाईमाणसाने वाचणे हेच अमंगळ, त्यात इंग्रजी म्हणजे कहरच. दिवसभर टोमणे, अबोला, कामे वाढवून देणे. रात्री वर गेल्यावर नवरा धडा विचारणार. खाली अभ्यास केला म्हणून बोलणी आणि वर अभ्यास झाला नाही म्हणून नाराजी, असे दुहेरी जाते. रानड्यांनी घरच्यांना एका शब्दाने दुखवायचे नाही असे ठरवलेले. उलट उत्तर न देता आपले काम चालू ठेव, हीच बायकोला शिकवण. आज आपल्याला याचा राग येतो. मलाही आला. पुरुषाने वर माडीवर बसून सुधारणा करायची आणि तिचा मार खाली स्वयंपाकघरात बाईने खायचा, हा कुठला न्याय?

पण रमाबाईंनी त्या जाचातून जे मिळवले ते त्यांचे स्वतःचे होते. कुठे वाकायचे आणि कुठे नाही, याचा एक पक्का हिशेब त्यांच्या मनात तयार झाला. थोरल्या बायकांच्या पाया पडायला, त्यांची कामे करायला, त्यांचे शब्द सोसायला त्या वाकल्या. अभ्यास सोडायला वाकल्या नाहीत. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी स्त्रियांसाठी आर्य महिला समाज काढला, तेव्हा घरच्या विरोधाला न जुमानता रमाबाई तिथे जात राहिल्या. मुलींच्या हायस्कुलासाठी सभा भरली, तेव्हा गव्हर्नरांसमोर त्यांनी इंग्रजीतून निवेदन वाचले. ती शाळा १८८४ साली निघाली. तीच पुण्याची हुजूरपागा. दहा-अकरा वर्षांपूर्वी जिला अक्षर ओळखता येत नव्हते ती बाई भर सभेत उभी राहून परक्या भाषेत वाचते, याचे पुण्याला केवढे नवल वाटले असेल! आणि घरी परतल्यावर काय वाट्याला आले, तेही त्यांनी लिहून ठेवले आहे. सत्काराचे हार बाहेर आणि बोलणी आत.

चहाचा पेला

दुसरा एक प्रसंग तर भाचीच्या तक्त्यासाठीच घडला असावा असा आहे. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये शहरातली बडी मंडळी व्याख्यानाला जमली होती. त्यात रानडे होते, टिळक होते, गोखलेही होते. पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. नंतर या मंडळींची नावे छापून आली आणि सनातनी पुणे पेटले. ग्रामण्य झाले, बहिष्काराची भाषा सुरू झाली. ज्यांच्या घरी लग्नकार्य होते, श्राद्ध होते, ज्यांच्या लेकी सनातनी घरांत दिलेल्या होत्या, त्यांचे जिणे कठीण झाले. अखेर रानड्यांनी स्नेह्यांची अडचण पाहून १८९२ साली त्यांच्याबरोबर प्रायश्चित्त घेतले. स्वतःला गरज नसताना.

सुधारकांनी डोक्याला हात लावला. माणूस पुन्हा वाकला! आणि त्याची पत्नी? रमाबाईंना ही गोष्ट मनापासून रुचली नव्हती. पतीविषयी अपार आदर आणि पतीचे वागणे न पटणे, ही दोन्ही एकाच मनात बाळगून त्या राहिल्या. आदर टिकवण्यासाठी त्यांनी आपले मत गिळले नाही आणि मत मांडण्यासाठी आदर टाकला नाही. आपल्याकडे बहुतेकांना यातले एकच जमते. मला स्वतःला तर एकही जमले नव्हते. ते पुढे सांगतो.

रानडे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले तसे १८९३ पासून बिऱ्हाड मुंबईला गेले. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. रमाबाई तेव्हा एकोणचाळिशीत होत्या. पुण्याला जुन्या घरी परतल्या आणि वर्षभर त्यांनी स्वतःला कोंडून घेतले. आठवणींचे पुस्तकही इथेच, १९०१ पाशी, थांबते. पुढच्या तेवीस वर्षांविषयी त्यांनी लिहिलेच नाही. पण माझ्या दृष्टीने रमाबाईंचे खरे आयुष्य इथून सुरू होते.

शुश्रूषेचा वसा

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव घराघरात ठाऊक आहे. त्यांचा जन्मदिवस, १२ मे, जगभर परिचारिका दिन म्हणून पाळतात. या बाई हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत, पण इथल्या आरोग्याचा ध्यास त्यांनी चाळीस वर्षे घेतला. १८५७ नंतर हिंदुस्थानातल्या लष्करी छावण्यांना त्यांनी छापील प्रश्नावल्या पाठवल्या होत्या. पाणी कुठून आणता, सांडपाणी कुठे जाते, किती सैनिक दगावतात? आलेल्या उत्तरांच्या ढिगाऱ्यातून त्यांनी दाखवून दिले की लढाईपेक्षा घाणीनेच माणसे अधिक मरतात. प्रश्नावली हे शस्त्र परिचारिकेच्या हातात आले ते असे, दीडशे वर्षांहून अधिक काळापूर्वी. गंमत पाहा, १८९२ साली बेहरामजी मलबारी या पारशी सुधारकाचे चरित्र निघाले, दयाराम गिडुमल या सिंधी गृहस्थांनी लिहिलेले. त्याला प्रस्तावना नाइटिंगेलबाईंची होती. आणि याच मलबारी-गिडुमल जोडीने १९०८ साली मुंबईत सेवासदन काढले. स्त्रियांना आधार द्यायचा आणि त्यांच्यातून परिचारिका तयार करायच्या, हा हेतू. अध्यक्ष कोण? रमाबाई रानडे.

पुढच्याच वर्षी, १९०९ साली, गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीने पुण्यात सेवासदन सुरू झाले. शिक्षिका तयार करणे लोकांनी एक वेळ चालवून घेतले. परिचारिका म्हटल्यावर मात्र समाज बिथरला. कोणत्याही जातीच्या माणसाचे अंग पुसायचे, मलमूत्र काढायचे, परपुरुषाची नाडी धरायची, रात्री घराबाहेर राहायचे! घरंदाज बाईचे हे काम आहे का? त्या काळी विधवेचे निम्मे आयुष्य घरातल्यांचीच उष्टी-खरकटी आणि आजारपणे काढण्यात जाई, त्याला कोणी हरकत घेत नसे. तेच काम शिकून, पगार घेऊन, सन्मानाने करायचे म्हटले की धर्म बुडत असे.

रमाबाई घरोघर गेल्या. तरुण मुलींना, त्यांहून अधिक विधवांना, त्यांनी समजावले. ससून रुग्णालयात शिकण्याची सोय झाली. शिकाऊ परिचारिकांसाठी वेगळे वसतिगृह झाले. रमाबाई स्वतः इस्पितळातल्या रुग्णांना फुले, फळे, पुस्तके घेऊन भेटत. मध्यवर्ती तुरुंगात जाऊन स्त्री कैद्यांजवळ बसत. आषाढी-कार्तिकीला सेवासदनच्या मुलींना घेऊन आळंदीला जात आणि यात्रेतल्या बायांची सेवा करत. अमुक काम हलके आहे, असे म्हणायला त्यांनी कोणाला जागाच ठेवली नाही.

त्यातला एक प्रसंग वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले. सेवासदनचे वार्षिक संमेलन होते. बक्षिसे वाटली जात होती. एक तरुण विधवा, केशवपन झालेली, त्या रिवाजाच्या लुगड्यात, बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली. वरच्या सज्जात कॉलेजातली मुले बसली होती. त्यांनी हुर्यो केली. समारोपाला रमाबाई उठल्या. आयुष्यभर हळू आवाजात बोलणाऱ्या, उलट उत्तर न देणाऱ्या या बाईंनी त्या दिवशी भर सभेत त्या शिकलेल्या मुलांची हजेरी घेतली. जिला तुम्ही हसलात ती तुमची बहीण असू शकली असती, आई असू शकली असती. आणि एवढेही ज्यांना कळत नाही त्यांच्या शिक्षणाला काय म्हणावे, अशा आशयाचे त्या बोलल्या. सभा चिडीचूप झाली. मुले वरमली.

एवढी वर्षे त्यांनी जे सोसले ते स्वतःवर आलेले होते. दुसरीवर आले तेव्हा त्यांनी ते सोसले नाही. वाकणे आणि ताठ उभे राहणे यांतला सगळा हिशेब या एका प्रसंगात आहे.

१९२१-२२ च्या सुमारास रमाबाईंनी मुंबई इलाख्यात स्त्रियांच्या मताधिकाराची चळवळ चालवली, मुलींनाही सक्तीचे प्राथमिक शिक्षण मिळावे म्हणून आघाडी उघडली. १९२४ साली त्या गेल्या, तेव्हा पुण्याच्या सेवासदनात हजाराहून अधिक स्त्रिया शिकत होत्या. पुढे १९२७ साली आमच्या नागपुरातही रमाबाई तांबे यांनी सेवासदन सुरू केले. १९६२ साली, जन्मशताब्दीला, टपाल खात्याने रमाबाई रानड्यांचे तिकीट काढले.

माझी खूण कुठे?

आता माझ्याकडे वळतो. १९७५ सालची गोष्ट. मी नुकताच मास्तर झालो होतो. धाकटी बहीण चांगल्या गुणांनी दहावी झाली होती आणि तिला परिचारिकेच्या शिक्षणाला जायचे होते. त्या काळी आमच्या भागातल्या दवाखान्यांत बऱ्याच सिस्टर केरळातून आलेल्या असत. इथल्या मुली त्या वाटेला फारशा जात नसत, कारण नर्स म्हटले की सोयरीक जुळत नसे. बहिणीने अर्ज आणला, भरला. वडिलांनी आणि काकांनी घर डोक्यावर घेतले. लोकांना काय तोंड दाखवायचे? बहीण माझ्याकडे पाहत होती. घरात शिकलेला मी एकटा. त्याच वर्षी मी वर्गात रमाबाई शिकवल्या होत्या. एक वाक्य बोललो असतो तरी काही फरक पडला असता. मी बोललो नाही. वडिलांचे मन मोडवले नाही, असे मी पुढे स्वतःला सांगत आलो. अर्ज चुलीत गेला. दोन वर्षांनी तिचे लग्न झाले.

रानडेही वडिलांपुढे वाकले होते. पण त्यांनी त्या रात्रीच पाटी हातात घेतली आणि उरलेले आयुष्य भरपाईत घालवले. मी काहीच केले नाही. जे केले ते बहिणीने केले. नवऱ्याशी, सासरच्यांशी भांडून तिने आपल्या मुलीला परिचारिका केले.

त्या तक्त्याच्या चौथ्या भागाचे मराठी करताना माझा हात अडखळला. योग्य वाटते ते बोलण्याची धमक. तिथे मी स्वतःसाठी खूण कुठे केली असती? बहीण समोरच बसून तांदूळ निवडत होती. एवढ्या वर्षांत न काढलेला विषय मी त्या संध्याकाळी काढला. अर्जाच्या वेळी मी गप्प बसलो, ते चुकले, असे म्हणालो. ती काही वेळ निवडतच राहिली. मग म्हणाली, मी समजले होते तू विसरलास.

नंतर तिनेच माझा तक्ता मार्गी लावला. हे सगळे विचारायचे कशासाठी, असे तिने मुलीला विचारले. बाईने आपले सत्त्व राखले की नाही, तेच ना? मग तसेच लिहा की. सत्त्व! हरिश्चंद्र-तारामतीच्या कथेपासून घरोघर माहीत असलेला शब्द. त्यात ताठरपणा नाही, तडजोडही नाही. साळीच्या दाण्यातही सत्त्व असते आणि माणसातही. भाचीने तक्त्याच्या माथ्यावर लिहिले : परिचारिकांची सत्त्व टिकवण्याची ताकद. जाणकारांना ते पटते की नाही, पाहायचे आहे. परिचारिकांना मात्र त्याचा अर्थ विचारावा लागणार नाही.

बहिणीचा आणखी एक प्रश्न होता आणि त्याला आम्हा दोघांकडे उत्तर नव्हते. या कागदावर सिस्टरची ताकद मोजाल, पण तिच्यावर जे ओझे ठेवले ते कोण मोजणार? आमच्या साकोलीला धानाचे संशोधन केंद्र आहे. पीक लोळले तर तिथले लोक एकट्या रोपट्याला दोष देत नाहीत. वाण पाहतात, खत पाहतात, बांधीतले पाणी पाहतात, वारा पाहतात. रमाबाई हे जाणून होत्या. आपण सोसले तसे तुम्हीही सोसा, असे म्हणून त्या थांबल्या नाहीत. त्यांनी वसतिगृह उभे केले, वर्ग काढले, रात्री परतायला सुरक्षित जागा दिली, आणि कुणी हुर्यो केली तर उठून बोलणारे एक माणूस दिले. त्या माणसाच्या आधाराने कितीतरी जणींचे सत्त्व टिकले. एकटीने सत्त्व राखणे ही परीक्षा असते. दहा जणांनी मिळून एकीचे सत्त्व राखणे, याला समाज म्हणतात.

भाची तक्ता घेऊन परत गेली. जाताना मी तिला विचारले की रात्रपाळीला तुझ्या मदतीला किती जणी असतात. पंधरा वर्षांत हा प्रश्न मी तिला प्रथमच विचारला होता.